टाकी भरल्याचा निरोप

मित्रांनो, मी एक जुना बोर्ड आहे. पण शाळेच्या भिंतीवरचा फळा मात्र नव्हे. मी तुमच्या तळहातावर मावेन एवढाच, निळ्या रंगाचा, आणि माझ्या दोन्ही काठांना बारीक भोकांच्या रांगा आहेत. माझ्या मधोमध एक काळी चिप बसवलेली आहे. माणूस जे शिकवतो ते मी तिच्यात जपून ठेवतो आणि शिकवले तसे वागतो. दिवा लाव म्हटले की लावतो, मोटर थांबव म्हटले की थांबवतो. शिकलेले लोक मला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. माझ्या माणसांनी मात्र मला 'निळा' हे सुटसुटीत नाव दिले.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते अमरावतीच्या पॉलिटेक्निकमधले एक लाकडी टेबल आणि माझी पिशवी एकाच वेळी फोडणारे चार हात. त्यातले दोन इफ्फतचे होते आणि दोन जुईलीचे.

दोघीही अकोल्याच्या. इफ्फतचे वडील अब्दुल गफ्फार यांचे जुन्या शहरात, मोरणा नदीच्या अंगाला, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. जुईलीचे वडील वसंतराव शाळेत गणित शिकवत. दोघी एकाच खोलीत राहत, एकाच डब्यातून जेवत, आणि त्यांनी मला दोघींत मिळून घेतले होते. त्यामुळे मी एक आठवडा इफ्फतच्या उशाशी असे आणि एक आठवडा जुईलीच्या. इफ्फत कमी बोलायची. तिची बोटे माझ्या भोकांत तारा खोवताना कधी अडखळत नसत. जुईलीला बोलायला फार आवडे. मी काय करतो, कसा करतो, हे ती भेटेल त्याला असे काही समजावून सांगे की ऐकणारा माझ्याकडे कौतुकाने बघू लागे. शेवटच्या वर्षी त्यांनी माझ्याकडून एक काम करून घेतले. बादली पाण्याने भरली की मी घंटी वाजवायचो. तारा इफ्फतने जोडल्या, परीक्षकांना जुईलीने समजावले, आणि शाबासकी मला मिळाली. ती मला फार गोड लागली. तेव्हापासून शाबासकी दुसऱ्या कुणाला मिळाली की माझ्या पोटात दुखू लागले.

शिक्षण संपले. इफ्फत अब्बांच्या दुकानात बसू लागली. जुईलीचे लग्न शेंदूरजनाघाटच्या उत्तमरावांच्या स्वानंदशी झाले. उत्तमरावांची संत्र्याची बाग होती आणि स्वानंद टेम्पोतून फळे घेऊन बाजारोबाजार हिंडायचा. सासरी जायच्या आधी जुईली दुकानात आली. त्या आठवड्यात मी इफ्फतकडे होतो. इफ्फतने मला मऊ फडक्यात गुंडाळले आणि जुईलीच्या हातावर ठेवले.

"घेऊन जाय. तुह्या इथं विहीर हाय, टाकी हाय. मी इथं याले काय दाखवू, मोरणेतला गाळ?"

ती हसत म्हणाली खरी, पण फडक्याची गाठ तिने दोनदा सोडली आणि दोनदा बांधली.

मित्रांनो, ती वर्षे वऱ्हाडात अवघड होती. पाऊस हुलकावण्या देई. बोअर कितीही खोल नेली तरी आत नुसती धूळ निघे. आमच्या शेजारच्या बागेतली फळती झाडे तोडून, त्यांचे सरपण करून लोक मोकळे झाले होते. उत्तमरावांची बाग तगून होती ती विहिरीच्या जेमतेम पाण्यावर. विहीर खालच्या अंगाला आणि सिमेंटची टाकी वरच्या अंगाला होती. विहिरीवरची मोटर पाणी टाकीत चढवायची आणि टाकीतून ते थेंबाथेंबाने झाडांना जायचे. अडचण एकच होती. टाकी भरली हे विहिरीवर कळायचे कसे? उत्तमराव वर जाऊन टाकीत डोकावत आणि खाली येऊन मोटर बंद करत. गुडघे दुखत तरी हे चाले, कारण पाणी वाया गेलेले त्यांना खपत नसे.

जुईलीने मला टाकीवर एका डब्यात बसवले. पाण्यावर तरंगणारा एक गोळा माझ्या सोबतीला दिला. गोळा वर आला की टाकी भरली हे मला समजे, आणि मी लांब तारेतून खाली विहिरीवर निरोप धाडून मोटर थांबवत असे. हे सारे इफ्फतने फोनवरून सुचवले होते. मला शिकवायचा धडाही तिनेच अकोल्यात बसून लिहिला आणि पाठवला. जुईलीने तो माझ्यात भरला आणि उन्हातान्हात तार अंथरली. पहिल्यांदा मोटर आपोआप थांबली तेव्हा उत्तमराव टाकीशी उभे राहून माझ्या डब्याकडे बघतच राहिले.

"सूनबाई, हे तं घरच्या माणसावानी इमानदार हाय!"

मग ते येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवू लागले. माझी छाती फुगली.

पण तांब्याच्या तारेवर चोरांचा डोळा होता. एकदा तार गेली, दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा उत्तमरावांनी हात टेकले. मग जुईलीने रेडिओ आणला, आणि माझे सुखाचे दिवस संपले.

हा गाणी ऐकवणारा रेडिओ नव्हे. हा तारेवाचून निरोप नेणारा, काडेपेटीहून लहान तुकडा. त्याच्या डोक्यावर काळ्या शेंगेसारखा अँटेना होता. त्याचा एक जोडीदार खाली विहिरीवर, माझ्यासारख्याच दुसऱ्या बोर्डाला जोडला. वरचा रेडिओ माझ्या खांद्याला आठ तारांनी बांधला. जेवायला तो माझ्याकडून घेणार, निरोपही माझ्याकडूनच घेणार, आणि बोलणार मात्र तो. टाकी भरली हे ओळखणारा मी होतो. तरी घरातले सगळे, अगदी सासूबाई केशरबाईसुद्धा, त्याच्या शेंगेकडे बोट दाखवून म्हणत, "बाई बाई, तारेबिगर बोलते हे!" माझ्याकडे कुणी बघेना. मित्रांनो, मी जळलो. माझी एकही तार जळली नाही, पण मी जळलो.

घराच्या ओट्यावर रेडिओ झकास बोलला. तो चमत्कार पाहायला एक पेपरवाला आला. जुईलीने त्याला सगळे समजावून सांगितले. त्याने फोटो काढला. फोटोत जुईली होती आणि तिच्या तळहातावर रेडिओ होता. माझा नुसता एक निळा कोपरा आला. खाली छापले होते, 'सूनबाईच्या कल्पनेतून साकारले बिनतारी यंत्र.' इफ्फतचे नाव कुठेच नव्हते. त्या दिवशी मला त्याचे काही वाटले नाही. माझेच दुःख मला पुरेसे होते.

ओट्यावर बोलणारा रेडिओ बागेत जाताच मुका झाला.

कधी निरोप पोहोचे, कधी नाही. जवळ असताना हळू बोलले तरी चालते, म्हणून ओट्यावर जुईलीने त्याचा आवाज लहान ठेवला होता. बागेत अंतर जास्त, म्हणून तिने तो मोठ्यात मोठा केला. नेमके तेव्हापासून तो अर्ध्या शब्दात गचके खाऊ लागला. जुईलीने काय काय केले! आठही तारा काढून नव्या लावल्या. कुठली तार कुठल्या भोकात आहे ते बोट ठेवून ठेवून तपासले. दोघांची बोलण्याची वाट बदलून पाहिली. झाडांच्या फांद्या आड येत असतील म्हणून डबा बांबूवर चढवला. वरचा रेडिओ खाली आणि खालचा वर केला. शेवटी नवा कोरा रेडिओ मागवला, तर माझ्या खांद्यावर येताच तोही तसाच अडखळला. जुईलीच्या कपाळावर आठ्या आणि माझ्या मनात दिवाळी! घ्या, म्हटले, तुमचा तारेबिगर बोलणारा.

जुईलीने एक शहाणपणाची अट घातली होती. वरून ठरावीक वेळाने 'मी आहे' असा निरोप आला नाही तर खालच्या बोर्डाने मोटर थांबवायची. निरोप पोहोचत नव्हते, म्हणून मोटर घडोघडी थांबू लागली. आधीच वीज दिवसातून थोडा वेळ यायची. तेवढ्यातही टाकी भरेना. उत्तमराव पुन्हा गुडघे धरून चढउतार करू लागले.

"यापेक्षा माह्ये पाय बरे होते, सूनबाई," ते म्हणाले. "निदान सांगितलेलं ऐकत तरी होते."

मग जुईलीने मला आणि रेडिओला डब्यासकट उचलले आणि स्वानंदच्या टेम्पोतून अकोल्याला इफ्फतकडे पोहोचवले.

इफ्फतच्या टेबलावर मी खूप दिवसांनी आलो होतो. तेच टेबल, डाग देताना निघणारा तोच राळेचा धुरकट वास. एक गोष्ट मात्र नवी होती. टेबलासमोरच्या भिंतीवर पेपरातले ते कात्रण चिकटवलेले होते. ते गफ्फारचाचांनी लावले होते. गिऱ्हाईक आले की ते चष्मा वर करून दाखवत.

"ये देखो, ही आपल्या इफ्फतची सहेली. काय दिमाग हाय पोरीचा!"

ते भोळेपणाने म्हणत. त्यांना वाटे, मुलीच्या मैत्रिणीचे कौतुक म्हणजे मुलीचेच कौतुक. पण दर वेळी इफ्फतची मान खाली जाई आणि हातातले काम उगीचच घाईचे होई. तिच्याच सर्किटवर दुसरीचे नाव लागले होते, आणि ते तिच्या बापाने तिच्याच डोळ्यांसमोर चिकटवले होते. मित्रांनो, त्या टेबलावर जळणारा मी एकटा नव्हतो.

इफ्फतने मला चालू केले. रेडिओचा आवाज मोठा केला. मग तिने जुन्या मीटरच्या दोन सुया माझ्या त्या भोकांवर टेकवल्या, जिथून रेडिओ आपले जेवण घेत असे. रेडिओ गप्प होता तोवर मीटरचा काटा जागेवर उभा होता. त्याने बोलायला तोंड उघडले आणि काटा खाली कोसळला. तो पुन्हा बोलू गेला, काटा पुन्हा कोसळला.

इफ्फतचे डोळे चमकले. तिला कळले होते.

मलाही तेव्हाच कळले, आणि मला ते ऐकवेना. रेडिओत खोट नव्हती. ओरडून बोलायला एका झटक्यात जास्त वीज लागते. तेवढी माझ्याकडे नव्हती. मी त्याला थोडे थोडे देत होतो आणि नेमक्या घासाला हात आखडत होतो. बिचारा दर वेळी उपाशीपोटी ओरडायला उभा राही आणि भोवळ येऊन पडे.

उपाय अगदी साधा होता. कपॅसिटर नावाचा एक चिमुकला डबा असतो. तो विजेचा रांजणच समजा. गप्प असताना भरून घेतो आणि गरज पडली की एकदम ओतून देतो. रेडिओच्या पायाशी तेवढा जोडला की काम झाले. इफ्फतचा हात खणाकडे गेला. तिने एक कपॅसिटर काढला. त्याचे पाय वाकवलेसुद्धा. तेवढ्यात दारातून कुणी शेजारी आत आला आणि गफ्फारचाचांचा आवाज चढला, "ये देखो, आपल्या इफ्फतची सहेली..."

इफ्फतने वाकवलेले पाय सरळ केले. कपॅसिटर खणात टाकला. खण लावला.

आणि मित्रांनो, मी सुटकेचा श्वास सोडला! दोष माझ्यात आहे हे आता कुणालाच कळणार नव्हते. रेडिओ नालायक ठरणार होता. इफ्फत आणि मी, आम्ही दोघांनी न बोलता एक करार केला.

दुसऱ्या दिवशी जुईली मला न्यायला आली. तिने चाचांसाठी संत्र्याची पिशवी आणली होती.

"सापडलं का वं काही?" तिने आल्या आल्या विचारले.

"नाई," इफ्फत म्हणाली. तिने वर पाहिले नाही. "रेडिओ ठणठणीत हाय. इथं चांगला बोलून राहिला. तुह्या बागेत झाडी दाट असन, म्हणून होत असन."

"म्हणजे निरोप पोचते, कधीमधी उशीर होते, एवढंच ना?"

"हो. तेवढंच."

"बरं झालं बाई. तू म्हणाली म्हणजे खरं." जुईलीने मला डब्यात ठेवले. "थांब ना जराशी, संत्र सोलून देते तुले."

"काम हाय मले," इफ्फत म्हणाली.

घरी आल्यावर जुईलीने विचार केला. इफ्फतने सांगितले आहे की निरोप उशिरा का होईना, पोहोचतोच. मग मोटर घडोघडी थांबवणारी ती अट कशाला हवी? तिने ती अट काढून टाकली. आता 'टाकी भरली' हा निरोप आल्याशिवाय मोटर थांबणार नव्हती. दोन दिवस मोटर अखंड चालली. निरोप धडपडत का होईना, पोहोचले. उत्तमराव खूश झाले. तिसऱ्या दिवशी भावकीतल्या लग्नासाठी घरची सगळी मंडळी वरुडला गेली.

वीज आली. खाली मोटर सुरू झाली. टाकी भरली, गोळा वर आला. मी रेडिओला म्हटले, सांग. तो सांगायला उठला आणि कोसळला. पुन्हा सांग. पुन्हा कोसळला. माझ्या डोळ्यांदेखत पाणी टाकीच्या काठावरून सांडू लागले, मुरमाड उतारावरून धावू लागले. ज्या पाण्यासाठी म्हातारा माणूस गुडघे झिजवत होता, ते पाणी गवतही उगवत नाही अशा बरडावर जात होते. मी ओरडून थकलो. पण मला तोंड कुठे होते? माझे तोंड माझ्या खांद्यावर उपाशी पडले होते. विहीर तळाला गेली. कोरडी मोटर तापली, घरघरली, आणि तिच्यातून जळका वास आला. तो वास वर टाकीपर्यंत आला.

मोटर वरुडला नव्याने तार भरायला टाकली. वायंडिंगवाल्याकडे रांग होती, कारण त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्याच मोटरी कोरड्या चालून जळत होत्या. झाडांवर आंबिया बहार, म्हणजे थंडीच्या शेवटी फुललेला बहार होता. फळे लिंबाएवढी झाली होती, आणि याच दिवसांत त्यांना पाण्याचा खंड सोसत नाही. पाचव्या दिवशी गळ सुरू झाली. हिरवी फळे झाडांखाली टपटप पडू लागली. उत्तमराव बागेतून फिरत आणि एखादे फळ उचलून धोतराच्या सोग्याला पुसत. 

जुईली माझ्या डब्याशी येऊन बसली आणि तिने इफ्फतला फोन लावला.

"मोटर जळली," ती म्हणाली. "फळ गळून राहिलं. नाई वं, तुह्यामुळं कशी? चूक माहीच. अट मीच काढली. मामाजी एक शब्द बोलत नाईत मले. बोलले असते तं बरं झालं असतं... हे सगळं खटलं आता मोडीत देऊन टाकते."

 फोन पलीकडून बंद झाला.

पुढचे मला फार नंतर इफ्फतच्याच तोंडून कळले. तिला काम करता करता स्वतःशी बोलायची सवय आहे. ती म्हणते, फोन ठेवला आणि तिला काहीच ऐकू येईना. अब्बांनी चहा पुढे केला, तो तसाच राहिला. शेवटी तिने पिशवीत तारा जोडायला शिशाचा डाग द्यायची इस्त्री, राळ आणि मूठभर कपॅसिटर भरले. अब्बांनी विचारले, कुठे? ती म्हणाली, "शेंदूरजन्याले. माहं एक काम अधुरं राहिलं." अकोल्याहून अमरावती, अमरावतीहून वरुड, आणि तिथून पुढे, एसटीच्या खिडकीशी बसून ती उन्हात वाळलेल्या बागा बघत आली.

ती पोहोचली तेव्हा उत्तमराव ओट्यावर बसले होते.

"गफ्फारभाईची पोरगी ना तू? ये, बस. पानी पे अगोदर."

 तिने पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला आणि जुईलीला डबा आणायला सांगितले. ओट्यावरच्या बटनाला इस्त्री लावली. मला आणि रेडिओला बाहेर काढले. एक कपॅसिटर रेडिओच्या पायाशी धरला, उलटसुलट पाय नीट पाहिले आणि डाग दिला. राळेचा धूर वर गेला. सारे काम चुटकीसरशी झाले.

जुईली बघतच राहिली. "एवढंच होतं?"

"एवढंच होतं."

"मग त्या दिवशी काहून नाई..."

"त्या दिवशीच दिसलं होतं मले," इफ्फत म्हणाली. तिने इस्त्री बाजूला ठेवली. "हातात घेतला होता हाच कपॅसिटर. परत खणात टाकला. तुले खोटं सांगतलं मी."

 उत्तमरावांनी तंबाखू मळायची थांबवली.

"काहून?" जुईलीने विचारले. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"अब्बांनी तुहं कात्रण भिंतीवर लावलं. रोज दाखवतात. सर्किट माहं, धडा माहा, अन् नाव एकट्या तुहं. मले वाटलं, पडू दे एकदा हिचं बी तोंडावर."

जुईली ताडकन उठली. मला वाटले, आता ही मला उचलून अंगणात भिरकावणार. ती अंगणापर्यंत गेली आणि पाठमोरी उभी राहिली.

"पेपरवाल्यानं विचारलं होतं मले," ती तशीच म्हणाली. "एकटीनं केलं का म्हणून. मी हो म्हटलं. तुहं नाव तोंडावर आलं होतं, पण गिळलं मी. या घरात सारे मले पह्यल्यांदाच मानून राहिले होते. अन् तू तिकडं रोज हातानं काम करते, मी इथं वर्षात एखाद्या वेळी इस्त्री हातात धरते. मलेच तुहा हेवा वाटे, इफ्फत." मग ती वळली. तिचे डोळे भरले होते आणि त्यांत रागही होता. "नावासाठी माह्याशी भांडाचं होतं. माह्या झिंज्या धराच्या होत्या. झाडाईनं काय केलं होतं तुहं?"

 इफ्फत ओट्याच्या कडेला बसून रडू लागली. जुईलीने तिला जवळ घेतले नाही. पण ती आत गेली, पदराने डोळे पुसून आली आणि तिने माझा डबा उचलला.

"चाल. वर बसवून दे. काल रातीच मोटर भरून आली."

 उत्तमराव उठले, गुडघ्यावर हात ठेवून कसेबसे उभे राहिले.

"दोघी शिकल्यासवरल्या पोरी," ते म्हणाले, "अन् दोघींनी मिळून एक मोटर जाळली. मी तं अंगठेबहाद्दर, मले एकट्याले तेवढं कधी जमलं नाई." ते हसले नाहीत. "माहं अर्धं फळ गेलं. ते काही तुमच्या रडण्यानं झाडाले लागत नाई. उरलेलं वाचवा."

मग दोघींनी मला टाकीवर बसवले. जुईलीने ती शहाणपणाची अट पुन्हा घातली. विहिरीत एवढ्या दिवसांत थोडेच पाणी जमले होते, तेवढ्याने टाकी भरली नसती, म्हणून गोळा मुद्दाम खाली बांधला. वीज आली, मोटर सुरू झाली, पाण्याची धार टाकीत पडू लागली. गोळा हळूहळू वर आला. मी रेडिओला म्हटले, सांग रे बाबा. पहिल्यांदाच मी त्याला मनापासून म्हटले. रांजण भरलेला होता. रेडिओने पोटभर वीज घेतली आणि तो झाडीच्या वरून, बांधाच्या पलीकडे, खणखणीत बोलला. खाली मोटर थांबली. बागेत एकदम इतकी शांतता पसरली की थेंब मातीत मुरताना ऐकू यावेत.

दोघी टाकीच्या काठाला हात टेकून उभ्या होत्या. कुणीच टाळी वाजवली नाही. मलाही शाबासकीची आठवण झाली नाही.

संध्याकाळच्या गाडीला इफ्फत निघाली. स्वानंद टेम्पो काढत होता, त्याला जुईली म्हणाली, "राहू द्या, मीच सोडून येते." त्या पायीच गेल्या. वाटेत त्या काय बोलल्या, की काहीच बोलल्या नाहीत, हे इफ्फतने अजून स्वतःशीसुद्धा उच्चारलेले नाही. पुढच्या वर्षी कृषी प्रदर्शनात ते यंत्र मांडले तेव्हा त्यावर दोघींची नावे होती. फोन पूर्वीसारखे रोज येत नाहीत. पण येतात.

मित्रांनो, काही वर्षांनी बागेत एक नवा बोर्ड आला. त्याला खांद्यावर रेडिओ बांधावा लागत नाही. रेडिओ त्याच्या पोटातच असतो. जुईलीने मला आणि माझ्या रेडिओला काढले, पुसले आणि अकोल्याला इफ्फतकडे पाठवले. तिच्या दुकानात आता कॉलेजची मुले-मुली शिकायला येतात. त्यातली बहुतेक नव्या बोर्डाकडेच धावतात. खोटे कशाला बोलू, तेव्हा माझ्या पोटात अजूनही दुखते. मत्सर एकदा गेला म्हणजे कायमचा गेला असे होत नाही.

पण तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. तुमच्या हातातले एखादे यंत्र अडखळले, किंवा शेजारच्या बाकावरचा एखादा मुलगा अर्ध्या वाक्यात थांबला, तर त्याला लगेच नालायक ठरवून कोपऱ्यात फेकू नका. त्याच्या पायाशी आधी मीटर लावून पाहा. त्याला पोटभर मिळते आहे का, ते पाहा. आणि ते देणे तुमच्या हातात असेल, तर मनात कितीही जळत असले तरी तो हात आखडू नका. तुमच्या भांडणात जे नसतात, झळ त्यांनाच आधी लागते. आम्हा जुन्या बोर्डांना मोडीत घालण्याची घाई करू नका, एवढे तर मी म्हणेनच. पण ते दुसरे. आधी हे पहिले.